नागपुरात मुलांसह एक दिवस : शहरात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

बदली, मिहान या औद्योगिक प्रकल्पातील नोकरी किंवा मुलांचे शिक्षण अशा कारणांनी नागपुरात आलेल्या कुटुंबाचे पहिले काही आठवडे घर लावण्यातच जातात. शाळा सुरू होते, गणवेश शिवून येतो, शेजाऱ्यांशी ओळख होते आणि मग एखाद्या शनिवारी मुले विचारतात की उद्या कुठे जायचे. अशा वेळी बहुतेक पालक मोबाइलवर ठिकाणांची एक लांबलचक यादी काढतात, त्यातील पाच-सहा ठिकाणे एका दिवसात बसवण्याचा प्रयत्न करतात, आणि दुपारी दोन वाजता रडणारे धाकटे मूल कडेवर घेऊन सावली शोधत बसतात. नागपूर हे मुलांना घेऊन फिरण्यासाठी फार चांगले शहर आहे, कारण अंतरे आटोक्यात आहेत, तिकिटे सामान्य कुटुंबाला परवडतात आणि झाडेही पुष्कळ आहेत. मात्र इथल्या दिवसाचे वेळापत्रक ऊन ठरवते, पालक नव्हे. म्हणून सकाळ उघड्यावर, दुपार छताखाली आणि संध्याकाळ पाण्याकाठी हा क्रम आधी मनाशी पक्का करावा आणि ठिकाणे नंतर निवडावीत.

दिवस कोणता निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सर्वांत सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, त्यामुळे सकाळी स्वेटर आणि कानटोपी लागते; पण अकरा वाजता तेच कपडे अंगावर नकोसे होतात. ते ठेवण्यासाठी सॅकमध्ये जागा मोकळी ठेवावी. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंतची गोष्ट अगदी वेगळी आहे. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणे इथे नवलाचे मानले जात नाही. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पालकांना हा उन्हाळा किती कोरडा असतो याची कल्पना नसते. घाम लगेच वाळून जातो, त्यामुळे मूल ओलेचिंब दिसत नाही आणि शरीरातील पाणी किती कमी झाले हे चटकन लक्षात येत नाही. उन्हाळ्यात बाहेर पडायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत परतावे आणि पुन्हा निघायचे ते संध्याकाळी सहानंतर. विशेषतः नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत लहान मुलांना दुपारी घराबाहेर नेऊच नये. डोक्याला आणि कानांना पांढरा दुपट्टा बांधण्याची इथली पद्धत आपणही उचलावी, निघण्यापूर्वी मुलांना कैरीचे पन्हे किंवा ताक द्यावे आणि सोबत ओआरएसची दोन पाकिटे ठेवावीत. मूल अचानक सुस्त झाले, डोके दुखते म्हणू लागले, बराच वेळ लघवीला गेले नाही किंवा अंग तापून कोरडे लागले, तर पुढचा सारा बेत रद्द करून त्याला गारव्यात न्यावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

पावसाळ्यात शहर हिरवेगार आणि सुंदर दिसते, परंतु जोराच्या पावसात तलाव व नाल्यांच्या काठी जाऊ नये. 23 सप्टेंबर 2023 रोजी पहाटेच्या अतिवृष्टीनंतर अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि काही तासांत आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे नागपूरकर विसरलेले नाहीत.

वार निवडताना सोमवार टाळावा. अजब बंगला म्हणून ओळखले जाणारे मध्यवर्ती संग्रहालय, महाराजबागेतील प्राणिसंग्रहालय आणि मोतीबागेतील रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद असतात. सुट्टी सोमवारीच आली तर रामन विज्ञान केंद्राचा विचार करावा, कारण होळी-दिवाळीसारखे सण वगळता ते सहसा आठवडाभर उघडे असते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या काळात विधानभवन, सिव्हिल लाइन्स, झिरो माइल आणि सीताबर्डी या भागांत बंदोबस्त असतो, मोर्चे निघतात आणि रस्ते वळवले जातात. अधिवेशन चालू असताना या परिसरातील भेट शनिवार-रविवारीच ठेवावी. दसऱ्याच्या आसपास आणि 14 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो अनुयायी येतात. तो सोहळा पाहण्यासारखाच आहे, परंतु तान्ह्या मुलासह पहिल्यांदा जाण्याचा तो दिवस नव्हे.

एका दिवसात दोन ठिकाणे, फार तर अडीच

मुलांचे वय पाहून बेत आखावा. पाच वर्षांखालील मुलांना प्राणी, हिरवळ आणि झोपाळा इतके पुरेसे असते; त्यांना संग्रहालयातल्या मूर्तींसमोर उभे करण्यात दोघांचाही वेळ जातो. सहा ते बारा या वयाची मुले रामन विज्ञान केंद्र आणि रेल्वे संग्रहालयात रमतात. त्याहून मोठ्या मुलांना झिरो माइलचा दगड, अजब बंगला आणि दीक्षाभूमी दाखवावी, कारण तिथे पाहण्याइतकेच विचारण्यासारखेही असते. घरात दोन्ही वयांची मुले असतील तर सकाळचे ठिकाण धाकट्याचे आणि दुपारचे थोरल्याचे, अशी वाटणी करून ती मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावी. आपली पाळी कधी येणार हे ठाऊक असले की मुले बरीच धीर धरतात.

प्रत्येक ठिकाणाची वेळ आणि तिकिटाचा दर आदल्या दिवशी फोनवर किंवा अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावा. ठिकठिकाणी डिजिटल पेमेंट चालत असले तरी सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

शहरात फिरण्यासाठी मेट्रो

स्वतःची गाडी असली तरी पहिल्या फेरीत मेट्रोने जावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण लहान मुलांसाठी मेट्रोचा प्रवास हेच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. नागपूर मेट्रोची प्रवासी सेवा मार्च 2019 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये तिच्या पहिल्या टप्प्याच्या चारही दिशा जोडल्या गेल्या. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत दक्षिणोत्तर जाणारा नारिंगी मार्ग आणि लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत पूर्व-पश्चिम जाणारा ॲक्वा मार्ग, असे हे दोन मार्ग आहेत. दोन्ही सीताबर्डी स्थानकात एकमेकांना भेटतात आणि गाडी बदलायची ती तिथेच. मार्ग बदलताना वरखाली करावे लागते; सोबत बाबागाडी किंवा आजी-आजोबा असतील तर सरकत्या जिन्याऐवजी लिफ्ट गाठावी.

मार्ग उंच खांबांवरून जात असल्यामुळे खिडकीतून सारे शहर दिसते. गड्डीगोदामजवळ तर खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. मेट्रोतून जाताना आपण चौथ्या मजल्यावर असतो, त्यामुळे खालचे तीन मजले एका नजरेत येत नाहीत. खाली उतरून रस्त्याच्या कडेने, वाहने सांभाळून पाहिले की मुलांना ती नीट कळते, आणि नशिबाने त्याच वेळी आगगाडी आली तर त्यांना तिथून हलवणे अवघड होते.

स्थानकापासून पुढच्या प्रवासासाठी ऑटो मिळतात. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे किंवा ॲपवरून गाडी बोलवावी. सीताबर्डीला इथे सगळे ‘बर्डी’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवले की पत्ता विचारताना घोळ होत नाही.

सकाळ : उघड्यावरची ठिकाणे

लहान मुलांसाठी सकाळी महाराजबाग चांगली. भोसल्यांच्या काळापासूनची ही बाग आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील कृषी महाविद्यालयाकडे आहे. प्राणिसंग्रहालय छोटे आहे, आणि हाच त्याचा गुण आहे, कारण चार वर्षांचे मूल ते पायी फिरून संपवू शकते. मोठ्या प्राणिसंग्रहालयाची अपेक्षा मात्र ठेवू नये. प्राणी सकाळच्या गारव्यात हालचाल करतात आणि ऊन वाढले की सावलीच्या कोपऱ्यात जाऊन पडून राहतात, त्यामुळे उघडण्याच्या वेळेलाच पोहोचावे. पिंजऱ्यांवर टकटक करू नये आणि प्राण्यांना काही खायला घालू नये, हे मुलांना प्रवेशद्वारापाशीच सांगावे.

तिथून जवळच झिरो माइलचा स्तंभ आणि चार दगडी घोडे आहेत. हा देशाचा भौगोलिक मध्य आहे असे सर्रास सांगितले जाते, परंतु मुलांना खरी गोष्ट सांगावी, कारण ती अधिक रंजक आहे. ब्रिटिश काळात देशाची मोजणी करणाऱ्या सर्वेक्षणाशी हा दगड जोडलेला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1020.171 फूट अशी दिलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली ही संख्या मुलांना मोठ्याने वाचायला सांगावी. स्तंभावर दूरदूरच्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. पाचवी-सहावीतल्या मुलाला एका मैलाचे सुमारे 1.6 किलोमीटर होतात एवढे सांगून एखादे अंतर वहीत बदलून घ्यायला लावावे, आणि मग मोबाइलवर आजच्या रस्त्याचे अंतर काढून ताडून पाहावे. झिरो माइल फ्रीडम पार्क हे मेट्रो स्थानक अगदी लागून आहे. समोरच्या टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला, जिथे 1817 मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली, आज सैन्याच्या ताब्यात आहे आणि सामान्य लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे व 15 ऑगस्ट या दिवशीच खुला होतो. आपली सुट्टी यांपैकी एखाद्या दिवशी असेल तर ओळखपत्र घेऊन सकाळी लवकर रांगेत लागावे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी माझी पहिली पसंती मात्र मोतीबागेतील नॅरो गेज रेल्वे संग्रहालयाला आहे. कडबी चौक मेट्रो स्थानकाच्या परिसरात असलेले हे संग्रहालय डिसेंबर 2002 मध्ये सुरू झाले आणि ते दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. नागपूरहून छिंदवाड्याला आणि इतवारीहून नागभीडला जाणाऱ्या छोट्या गाड्या विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या कितीतरी पिढ्यांनी वापरल्या. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये आणि नागभीडची 2019 मध्ये रूळ रुंद करण्याच्या कामासाठी बंद झाली. त्या गाड्यांची वाफेची इंजिने, डबे, सिग्नलचे कंदील आणि स्टेशनातली जुनी उपकरणे इथे जपून ठेवली आहेत. इथे मुलांना एक गोष्ट अवश्य दाखवावी. नॅरो गेजच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट असते. मोठ्या माणसाच्या एका ढांगेत ते संपते. ब्रॉडगेजचे अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. घरातून निघताना शिवणकामाची टेप खिशात टाकावी आणि मुलांना इथल्या मैदानावर आधी अडीच फूट आणि मग साडेपाच फूट मोजून खडूने दोन-दोन रेघा काढू द्याव्यात. दोन्ही जोड्या शेजारी दिसल्या की एवढ्या अरुंद रुळांवरून डोंगरात माणसे आणि माल कसा जात असेल, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. घाटात वळण घेताना अरुंद रूळ सोयीचे पडतात आणि खर्चही कमी येतो, एवढे उत्तर त्या वेळी पुरते. मुलांसाठी छोटी आगगाडीही आहे. ती त्या दिवशी सुरू आहे का, हे तिकीट काढतानाच विचारावे.

दुपार : छताखाली

दुपारचे सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र. 1992 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव दिलेले आहे. रामन तरुणपणी सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात राहिले होते, ही माहिती नव्याने नागपुरात आलेल्या मुलांना विशेष आवडते. प्रवेश करताच आधी तारांगणाच्या खेळाची वेळ विचारून त्याचे तिकीट काढावे आणि उरलेला वेळ त्याभोवती आखावा. उलट केल्यास सोयीच्या भाषेतला खेळ भरलेला असतो आणि मुले हिरमुसतात. तारांगणात पूर्ण अंधार होतो, म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांना आधी कल्पना द्यावी आणि बाहेर पडणे सोपे जाईल अशी कडेची जागा घ्यावी.

आतील दालनांमध्ये कळ दाबली, दांडा फिरवला की चालू होणारी उपकरणे आहेत. इथे पालकांनी एक पथ्य पाळावे, ते म्हणजे पाटीवरचा मजकूर आधी वाचून मुलांना समजावून सांगू नये. मुलाला दोनदा-तीनदा उपकरण चालवू द्यावे, काय झाले ते त्याच्या शब्दांत ऐकावे आणि मगच पाटी वाचावी. गर्दीच्या दिवशी मुले एकामागून एक कळा दाबत धावत सुटतात आणि अर्ध्या तासात सारे संपवून टाकतात. प्रत्येकाने आपल्याला आवडलेली तीन उपकरणे घरी गेल्यावर चित्र काढून दाखवायची, असे ठरवले तर ही धावपळ थांबते. बाहेरच्या आवारातील प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्रतिकृती ऊन उतरल्यावर पाहाव्यात.

दुसरा पर्याय अजब बंगला. 1863 मध्ये स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक आहे. पेंढा भरलेले पशुपक्षी, शस्त्रे, नाणी, शिलालेख आणि मध्य भारतातील आदिवासींच्या वस्तू इथे आहेत. दालने पुष्कळ असल्यामुळे सारे पाहण्याचा हट्ट धरू नये. पक्षी आणि शस्त्रे एवढे पाहून बाहेर पडले तरी चालते.

खाणे

सकाळचा नाश्ता बाहेर करायचा असेल तर तर्री पोहे खावेत, पण मुलांसाठी तर्री वेगळी मागून घ्यावी. हरभऱ्यांची ही लालभडक रश्श्याची वाटी मोठ्यांच्याही डोळ्यांत पाणी आणते. मुलांना साधे पोहे, वर शेव आणि लिंबू एवढे पुरते. सावजीचे जेवण नागपूरची ओळख असले तरी सहलीच्या दिवशी मुलांना ते देऊ नये. तिखटाने पोट बिघडले तर दुपारचा बेत तिथेच संपतो. सांबारवडी आणि पाटोडी हे पदार्थ मुले आवडीने खातात. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेव्हा सांबारवडी मागवून तिच्यासोबत दाक्षिणात्य सांबाराची वाट पाहू नये. जेवण साडेबाराच्या आतच उरकावे, कारण रविवारी एकनंतर बहुतेक उपाहारगृहांत रांग लागते आणि भुकेले मूल रांगेत उभे राहू शकत नाही. घरून पोळीचे रोल, फुटाणे आणि केळी नेली तर ही चिंताच उरत नाही. प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली वेगळी असावी आणि उघड्यावरचा बर्फ घातलेला रस टाळावा. हिवाळ्यात संत्री सर्वत्र मिळतात. प्रवासात मुलांना देण्यासाठी याहून चांगले फळ नाही. सालींसाठी एक पिशवी मात्र सोबत ठेवावी.

संध्याकाळ

फुटाळा तलावाच्या काठी सूर्यास्त पाहण्यासाठी निम्मे शहर लोटते. सूर्य मावळण्याच्या तासभर आधी पोहोचावे, म्हणजे गाडी लावायला आणि बसायला जागा मिळते. काठावरच्या रस्त्यावर वाहने आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या दोन्ही असल्यामुळे मुलांचा हात क्षणभरही सोडू नये, आणि कठड्यावर बसवून फोटो काढण्याचा मोह आवरावा. गर्दी नको असेल तर शेजारच्या तेलंगखेडी बागेत मुलांना मोकळे खेळू द्यावे.

शांत संध्याकाळ हवी असेल तर दीक्षाभूमीला जावे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूपाच्या आत प्रवेश केल्यावर वरचा प्रशस्त पोकळ घुमट पाहून मुले आपोआप थबकतात. पादत्राणे बाहेर काढावीत, आत आवाज करू नये आणि तिथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत हे मुलांना आधी सांगावे. ही घटना मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही येते, त्यामुळे बोधिवृक्षाखाली बसून त्यांच्या प्रश्नांना सावकाश उत्तरे द्यावीत.

गर्दीत मूल चुकल्यास

घरातून निघण्यापूर्वी पालकांचा मोबाइल क्रमांक कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवावा किंवा हातावर पेनने लिहावा. मुलाचे नाव बाहेरून दिसेल असे कुठेही लिहू नये. सकाळीच मुलाचा एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे कपड्यांचा रंग आठवत बसावे लागत नाही. चुकामूक झाली तर मुलाने जिथे आहे तिथेच उभे राहावे आणि गणवेशातील सुरक्षारक्षकाला, तिकीट खिडकीवरील माणसाला किंवा लहान मुले सोबत असलेल्या एखाद्या बाईला सांगावे, हे घरी दोनदा वदवून घ्यावे. पालकांनी शोधाशोध करण्यात वेळ न घालवता एकाने तिथेच थांबावे, दुसऱ्याने प्रवेशद्वार गाठावे आणि मूल लगेच सापडले नाही तर 112 या क्रमांकावर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठीची 1098 ही हेल्पलाइनही मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.

गोरेवाडा वेगळ्या दिवसासाठी

गोरेवाडा प्राणिउद्यान वर सांगितलेल्या कोणत्याही बेतात घुसवू नये. 26 जानेवारी 2021 रोजी सुरू झालेल्या इथल्या भारतीय सफारीत वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी असे वेगवेगळे विभाग आहेत आणि बंद बसमधून ते पाहायचे असतात. शहराच्या मध्यभागापासून जाणे-येणे, बसची वाट पाहणे आणि सफारी यांत अर्धा दिवस सहज जातो. ऑनलाइन तिकीट आधी काढावे आणि शक्यतो सकाळची पहिली फेरी घ्यावी. प्राणी दिसतीलच असे मुलांना कबूल करू नये. वाघ झुडपाआड असेल तर चालक थोडा वेळ बस थांबवतो, तेव्हा सगळे गप्प बसले तरच काही दिसण्याची शक्यता असते. बस सुरू होण्यापूर्वी मुलांना स्वच्छतागृहात नेऊन आणावे, कारण मध्ये कुठेही उतरता येत नाही.